कणगीतली पिल्लं

माझ्या वडलांचं उदगीरला किराणा दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि अंड्याचा उल्लेख करायची वेळ आलीच तर आमच्या घरात ‘ती पांढरी वस्तू’ म्हणायची पद्धत. अशा घरातला मी, कोंबड्यांच्या खात्यात नोकरीला लागलो. दुकानात कुणी विचारलं की वडील म्हणायचे, ‘‘पोरगं शेतकी खात्यात हाय.’’ ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं. पुढे सरकारी कागद लिहिताना घरची ही शिकवण मला फार उपयोगी पडली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतले अनुभव लिहा, सोबत एखादा जुना फोटो द्या’ असं कळवलं आहे. बदल्या, बढत्या आणि निरोपसमारंभ यांत वाचकाला गोडी नसते, मलाही नाही. म्हणून एकाच हिवाळ्याबद्दल लिहितो. फोटोचं शेवटी सांगेन.

आधी आमचा धंदा काय ते सांगायला हवं. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगावर जी पिवळी लव असते ती दिसायला ऊबदार, पण कामाची नाही. खरी पिसं फुटेपर्यंत तीनेक आठवडे पिल्लाला बाहेरून ऊब लागते. आई असली तर प्रश्नच नसतो, ती पंखाखाली घेते. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना आई नसते, खातं असतं. त्या खात्यातर्फे गावोगाव सायकलवर फिरून पिल्लं गारठत नाहीत ना हे पाहणारा माणूस म्हणजे मी. लोक मला ‘डाक्टरसाब’ म्हणत. मी डॉक्टर नव्हतो, पण त्यांना कधी थांबवलंही नाही.

पिल्लांना ऊब पुरते की नाही हे कळायला थर्मामीटर लागत नाही. ऊब कमी पडली की ती एका जागी गोळा होतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि खालची गुदमरून मरतात. ऊब जास्त झाली की कडेला पळतात आणि चोची उघड्या टाकून धापा टाकतात. सगळीकडे पसरून निवांत दाणे टिपत असली की समजावं, बेत जमला. ‘गोळा झाली की गारठली, पळाली की तापली, पसरली की सुखात’ हे वाक्य मी इतक्या सभांतून बोललो आहे की बायको म्हणते, झोपेतसुद्धा बोलता.

तर जिल्हा नवा झाला तेव्हाची ही गोष्ट. मी नांदेडकडून बदलून अहमदपूरला आलो होतो. पूर्वी इथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामाला उस्मानाबाद गाठायचं म्हणजे दिवस मोडायचा. आता सगळं लातूरलाच येणार म्हणून लोक खूश होते. आमच्या खात्याचं म्हणाल तर पाट्या आधी आल्या, मग साहेब आले, खुर्च्या सगळ्यात शेवटी आल्या. अहमदपूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत मी महिनाभर पिल्लांच्या रिकाम्या खोक्यावर बसून टपाल लिहिलं.

आणि नेमका त्याच सुमाराला पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला. नव्या जिल्ह्यात काहीतरी नवं दिसलं पाहिजे आणि दुष्काळात काहीतरी केलं पाहिजे, या दोन्हींसाठी मिळून एकच योजना निघाली. गावातल्या गरजू बाईला शंभर पिल्लं द्यायची. ती तिनं जगवली की पुढची खेप द्यायची, आणि मग कायमचा जोडधंदा. योजना वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. कोंबडीला बैलाएवढा चारा लागत नाही की म्हशीएवढं पाणी लागत नाही. फक्त पिल्लं वाटायला त्यांनी पौष महिना निवडला, ज्या दिवसांत आमच्याकडे माणसंसुद्धा उन्हं वर आल्याशिवाय घोंगडं सोडत नाहीत.

पिल्लांसोबत ऊब द्यायचं सामान आलं. पत्र्याची एक मोठी छत्री, तिच्या आत चार बल्ब आणि वायरचं भेंडोळं. हे प्रत्येक बाईला एकेक. माझ्या यादीतल्या बहुतेक गावांत विजेचा खांबच नव्हता. मी तसं वर लिहून कळवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ‘वीज नसल्यास लाभार्थ्याने तिची व्यवस्था स्वतः करावी.’ ते पत्र मी बरेच दिवस खिशात घेऊन फिरत होतो. मन उदास झालं की काढून वाचायचो.

दिवा नसेल तर लोक सरळ विस्तवाकडे वळतात, आणि विस्तवाची मला त्या दिवसांत धास्ती बसली होती. त्याचं कारण अप्पा. अप्पा हे लातूरचे बडे आडते, आमच्याच लोकांतले, रोज पूजा केल्याशिवाय पाणी न पिणारे. नवा जिल्हा झाला, आता शहर वाढणार, शहर वाढलं की लोक अंडी खाणार, असा हिशेब करून त्यांनी आपल्या अहमदपूरजवळच्या मळ्यात स्वतःच्या पदरच्या पैशानं पाचशे पिल्लं आणली होती. स्वतः त्यांना हात लावत नसत, दारातूनच बघत. मळ्यात वीज होती. ती एका संध्याकाळी गेली ती आलीच नाही. अप्पांनी कोळशाच्या चार शेगड्या पेटवून खोलीत ठेवल्या, खिडक्या लावल्या, आणि वारा शिरू नये म्हणून फटींत चिंध्या कोंबल्या.

सकाळी मला बोलावणं आलं. खोलीत गेलो तर पाचशे पिल्लं सगळीकडे छान पसरलेली. गोळा झालेली नव्हती, कडेला पळालेली नव्हती. जिथं होती तिथं मेली होती. बंद खोलीत कोळशाला हवा कमी पडली की तो जो वायू सोडतो तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. राखणदार तेवढा वाचला, कारण अप्पांच्या मळ्यात आत बिडी ओढायला बंदी होती आणि तो ओढायला बाहेर जाऊन तिथंच झोपला होता. बिडीनं जीव वाचलेला माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.

मी वायूचं समजावून सांगितलं. अप्पांना ते पटलं नाही. ‘‘दृष्ट लागली रे. गावातल्या लोकाच्या डोळ्यात खुपून राहिलं होतं,’’ ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, तर माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बघत म्हणाले, ‘‘तू आपल्यातला असून असं कसं बोलतोस? म्हादेवाच्या म्होरं धूप जाळतो की आपण. कोन मेलंय का त्यानं?’’ त्यांनी मळ्यात अभिषेक घातला, दुसरी पिल्लं मागवली, आणि पुन्हा शेगड्याच ठेवल्या. या वेळी खिडकी मात्र गपचूप उघडी ठेवली. पिल्लं जगली. श्रेय अभिषेकाला गेलं.

हे ताजं असतानाच मी सोजरबाईच्या दारात पिल्लांची खोकी उतरवली. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून ओळखीची माणसं आहेत. सोजरबाई तेव्हा तिशीची असेल. नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेलेला, मूलबाळ नाही, घरात डोळे गेलेली सासू. गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेली होती. टोळीला माणसं कमी पडत होती म्हणून मुकादम संक्रांतीनंतर पुन्हा येणार होता आणि त्याचा डोळा सोजरबाईवर होता, कारण कामाला ती दोन बायांना भारी होती.

‘‘म्या त्याला सांगितलं, माझी पिल्लं येनार हायत,’’ सोजरबाई मला म्हणाली. ‘‘ही जगली तर म्या गावातच ऱ्हाते. न्हाई जगली तर जावंच लागंल बगा, आन् म्हातारीला कुनावर टाकून जाऊ?’’

मी तिला पत्र्याची छत्री दिली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली, वायरचं टोक हातात धरलं आणि विचारलं, ‘‘खांब कवा येनार, साहेब?’’

‘‘योजनेत आहे.’’

‘‘पिल्लं तर आजच आली की.’’

ती म्हणाली, घमेल्यात इंगळ ठेवते. मी तिला अप्पांच्या खोलीतली गोष्ट सांगितली आणि विस्तव अजिबात नको असं बजावलं. दिवा नाही, विस्तव नको, मग काय करायचं, हे मात्र सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आमच्या प्रशिक्षणात ‘वीज गेल्यास’ या मथळ्याखाली ‘वीज लवकर पूर्ववत होईल असे पाहावे’ एवढंच लिहिलेलं होतं.

सोजरबाई उंबऱ्यात बसून विचार करत राहिली. मग म्हणाली, ‘‘इंगळ नगं तर नगं. वाळू चालंल का?’’

तिचं माहेर फुटाणे-मुरमुऱ्यांच्या भट्टीवर जगणारं. लहानपणापासून ती कढईतली तापलेली वाळू हलवत आली होती. ‘‘भट्टी इझली तरी वाळू लई येळ गरम ऱ्हाती, साहेब. सांजंला इझवली तर सकाळच्याला हात शेकावा इतकी. आन् धूर न्हाई का वास न्हाई.’’ वाळूची तर ददातच नव्हती. नदीत त्या वर्षी दुसरं काही नव्हतंच.

पण गरम वाळूचं मडकं उघड्या घरात ठेवून भागणार नव्हतं. कुडाच्या भिंतींतून वारा सरळ आत यायचा. सोजरबाई उठली आणि घराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या कणगीजवळ गेली. ज्यांनी कणगी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुराट्यांची विणलेली, शेणामातीनं आतून-बाहेरून लिंपलेली, पुरुषभर उंचीची गोल कोठी. तीत ज्वारी साठवतात. लिंपण जाड असतं, वारा शिरत नाही, आणि ऊब धरून ठेवायला त्यापरीस चांगली भिंत इंजिनिअरसुद्धा बांधणार नाही. सोजरबाईची कणगी तळापर्यंत रिकामी होती.

तिनं विळा घेतला आणि मांडीच्या उंचीवर कणगी कापायला सुरुवात केली. तो आवाज सासूनं ओळखला. आमच्याकडे सणावाराला कणगीला हळदकुंकू लावतात. रिकामी असली तरी ती उभी ठेवायची, कारण ती मोडणं म्हणजे पुढं दाणे येणारच नाहीत असं आपल्या तोंडानं म्हणणं. म्हातारी चाचपडत आली, कणगीला कवळा घालून बसली आणि तिनं सुनेला जे शिव्याशाप दिले ते संपादक छापणार नाहीत.

‘‘आत्याबाई, दानं येतील तवा दुसरी ईनू,’’ सोजरबाई तिचे हात सोडवत म्हणाली. ‘‘आता हितं पिल्लं ऱ्हाऊ द्या.’’

‘‘तू घर बुडवायला बसलीस,’’ म्हातारी म्हणाली.

मी मध्ये पडलो नाही. शास्त्राचा माणूस म्हणून मला म्हातारीच्या समजुतीवर हसायला हवं होतं, पण घरी आमच्या आईनं कणगी कापू दिली असती असं मला वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत सगळं तयार झालं. कणगीच्या बुडाशी सुताराकडचा लाकडाचा भुसा पसरला. मधोमध तापल्या वाळूचं मडकं, तोंडावर खापर, भोवती पोतं गुंडाळलेलं, म्हणजे पिल्लांना चटका बसू नये. वरून दुसरं पोतं, पण हवेला एक फट ठेवून. दोन मडकी आळीपाळीनं. एक आत असेल तेव्हा दुसऱ्याची वाळू चुलीवर. अगदी अशक्त दहा-बारा पिल्लं तिनं शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली सारली. एरवी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी देणं सोडून नुसती उबवत बसली, की तिला पाण्यात बुचकळून काढायची रीत आहे. त्या वर्षी बुचकळायला पाणी कुणाकडे होतं? गावभर खुडूक कोंबड्या निवांत बसून होत्या. दुष्काळाचा फायदा झालेला गावातला तेवढाच एक समाज.

मी तिला माझं वाक्य शिकवलं. तिनं ते शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं, ‘‘गोळा झाली की गारठली, पळाली की तापली, पसरली की सुखात.’’ मग पोतं उचलून आत पाहिलं. पिल्लं पसरली होती.

एक दिवसाआड मी जात होतो. सहा दिवसांत तीन पिल्लं मेली, आणि पौषातल्या थंडीत हे म्हणजे काहीच नव्हतं. बाकीच्या गावांतून पिल्लं पाटीनं उचलून टाकावी लागत होती. मी सायकलवरून तिथं जायचो आणि कणगीत हात घालून बघायचो. आतली ऊब बोटांना लागली की फार बरं वाटायचं. नोकरीत इतकं समाधान मला पुन्हा मिळालं नाही.

आता माझी चूक. दर आठवड्याला एक छापील तक्ता भरून द्यायचा असे. त्यात ‘उबेची व्यवस्था’ या रकान्याखाली दोनच पर्याय होते, ‘दिवा चालू’ आणि ‘दिवा बंद’. कणगी, वाळू, मडकं यांना जागाच नव्हती. ‘बंद’ लिहिलं असतं तर खुलासा मागवला असता. मी ‘चालू’वर खूण केली. खोटं तरी कसं म्हणावं, ऊब चालूच होती.

खांब नसलेल्या गावात दिवा कसा चालू, हे कुणालाच सुचलं नाही. सगळ्या तालुक्यात सर्वांत कमी पिल्लं मेलेलं गाव हे, एवढंच दिसलं. आणि आमच्या खात्याचे नवे मोठे साहेब हा दिव्याचा चमत्कार स्वतः पाहायला येणार असं पत्र आलं.

ज्या दिवशी ते येणार होते त्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन पत्र्याची छत्री सोजरबाईच्या आढ्याला टांगली. वायर कुडातून बाहेर काढली आणि मागच्या बाजूला म्हशीच्या रिकाम्या खुंट्याला बांधली. सोजरबाई हे सगळं बघत होती.

‘‘ह्ये कशापायी, साहेब?’’

‘‘असू दे. मोठ्या साहेबांना दिसायला.’’

मोठे साहेब जीपमधून उतरले तेव्हा अंगात स्वेटर, वर कोट, कानाला मफलर. त्या दिवशी वारं असं सुटलं होतं की गावकऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि साहेबांना वाटलं आपल्या येण्यानं येतंय. त्यांनी घरात वाकून पाहिलं, छत्री पाहिली.

‘‘दिवा बंद का?’’

‘‘दिवसा बंद ठेवतो, साहेब.’’

‘‘उत्तम. वीज वाचली पाहिजे.’’

इथवर सगळं विनोदी होतं. पण सोबत अहमदपूरचा फोटोग्राफर होता आणि घरात अंधार होता. साहेबांनी कणगीकडे बोट दाखवून विचारलं, हे शेणाचं काय आहे, पिल्लं घाणीत का ठेवली आहेत? फोटोत हे येता कामा नये. अंगणात स्वच्छ चादर अंथरा आणि पिल्लं तिच्यावर मांडा.

सोजरबाई कणगीपुढं आडवी आली. ‘‘साहेब, गार वारं लई हाय. नगा काढू. पंधरा दिसाची बी न्हाईत ती.’’

हे तिनं मोठ्या साहेबांना सांगितलं, पण बघत होती माझ्याकडे. या विषयात सरकारनं पगार देऊन ठेवलेला माणूस तिथं मी एकटा होतो. मी साहेबांना फक्त ‘थंडी बाधेल’ एवढंच म्हणायला हवं होतं. ते कदाचित ऐकलेही असते. पण म्हटलं असतं तर कणगी कशाला, दिवा का नाही, तक्त्यात काय लिहिलं, सगळं निघालं असतं. मी म्हणालो, ‘‘सोजरबाई, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. काढा.’’

तिनं काढली. अर्धी पिल्लं तिनं स्वतः ओंजळीनं आणली, बाकीची इतरांनी पाटीतून ओतली. फोटोग्राफरनं उजेड पाहिला, माणसांच्या जागा बदलल्या, साहेबांना मधोमध बसवलं, मला त्यांच्या मागे उभं केलं. सोजरबाई चादरीच्या कडेला. ‘‘बाई, वर बघा! बाई, कॅमेऱ्याकडं बघा की!’’ तो ओरडत होता. ती काही वर बघेना. शेवटी त्यानं तसाच फोटो काढला. मग सरपंचांनी चार शब्द बोलायची विनंती केली आणि साहेब बोलले. आपला जिल्हाही या कोवळ्या पिल्लांसारखा नवा आहे, त्याला सगळ्यांनी मिळून ऊब दिली पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. हे वाक्य त्यांना फार आवडलं असावं, कारण ते दोनदा म्हणाले. मफलर त्यांनी भाषणातही काढला नाही. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला.

गारठलेलं पिल्लू लगेच मरत नाही, त्यामुळे मारणाऱ्याला निघून जायला वेळ मिळतो. जीप गेली, मीही गेलो. दोन दिवसांनी पुन्हा आलो तेव्हा कणगीत पिल्लं पंख टाकून, डोळे मिटून बसली होती, बुडाला पांढरी हगवण. सोजरबाईनं त्या दोन दिवसांत मडक्यातली वाळू थंड होऊ दिली नव्हती. तिचे तळवे भाजले होते. आठवड्याच्या अखेरीला शंभरातली मोजकी उरली, त्यात बहुतेक शेजारणीच्या कोंबडीखालची, जी फोटोला गेलीच नव्हती.

मर झाली की तिचा अहवाल लागतो. ‘मृत्यूचे कारण’ या रकान्यात काय लिहायचं ते मला तोंडी कळवण्यात आलं, त्यात भेटीचा उल्लेख नको होता. मी लिहिलं, ‘लाभार्थीने दिलेल्या साधनांऐवजी अशास्त्रीय पद्धतीने ऊब दिल्यामुळे.’ खाली सही केली. पहिल्यांदाच मी तक्त्यात दिव्याबद्दल खरं लिहिलं होतं, आणि ते लिहिताना मला माझी शरम वाटली. आजही वाटते.

सोजरबाईचं नाव पुढच्या खेपेच्या यादीतून कटलं. संक्रांतीनंतर मुकादम आला आणि ती टोळीबरोबर गेली. म्हातारीला तिनं शेजारणीकडे ठेवलं होतं. चैत्रात ती परत आली तेव्हा म्हातारी नव्हती.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण लेख अर्धवट राहील. दुसऱ्या वर्षी माझी बदली पुन्हा नांदेडकडे झाली. तिथल्या एका प्रशिक्षणात, वीज नसेल तर काय, असं कुणीतरी विचारलं. मी कणगी आणि तापली वाळू सांगितली. लोक थक्क झाले. अर्धापूरला मी भुशाऐवजी केळीची वाळकी पानं बारीक करून वापरली आणि मुदखेडला कणगीऐवजी जुना रांजण. माझं नाव झालं. त्याची पुस्तिका निघाली, ‘देशी ऊबपेटी’. मोठ्या साहेबांचं नाव आधी, माझं खाली, आणि मुखपृष्ठावर तोच अंगणातला फोटो. अशास्त्रीय पद्धतीला शास्त्रीय व्हायला फक्त एक बदली लागली. मला शाल-श्रीफळ मिळालं. फोटो मी मोठा करून, चौकट लावून घरी बैठकीत टांगला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवत असे आणि म्हणत असे, बाईनं मान खाली घातली नसती तर फोटो अगदी झकास होता.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा तोच पाठवायचा ठरवला. फक्त छापण्याआधी सोजरबाईला विचारावं असं वाटलं. इतक्या वर्षांत मी त्या गावात पाऊल ठेवलं नव्हतं. चौकट कागदात गुंडाळली आणि अहमदपूरच्या स्टँडवरून सकाळच्या गाडीनं गेलो.

गावात आता खांब आहेत. सोजरबाई म्हातारी झाली आहे, पण ताठ आहे. अंगणात पाच-सहा गावरान कोंबड्या, एक पिल्लांची. तिनं मला ओळखलं. ‘‘या डाक्टरसाब,’’ म्हणाली, आणि बाज टाकली. चहा ठेवला. मी येताना पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, ‘‘सोजरबाई, तुमचं नाव कटलं ते माझ्यामुळं. तो कागद मी लिहिला होता.’’

‘‘ठाव हाय,’’ ती म्हणाली. ‘‘ग्रामशेवकानं तवाच वाचून दावला. खाली तुमची सही हाय म्हनला.’’

तिनं कपबशी माझ्यापुढं ठेवली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. काहीतरी करायचं म्हणून मी कागद सोडून फोटो तिच्या हातात दिला. तिनं पदरानं काच पुसली, चष्मा लावला, आणि अंगणात उजेडाला जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, तरुणपणचं आपलं रूप बघत असेल.

‘‘ह्यो तुमच्या घरात टांगला होता?’’

‘‘हो. बैठकीत.’’

‘‘इतकी वरीस?’’

मी मान हलवली. ती फोटो घेऊन माझ्याजवळ आली आणि वाळूनं कधीकाळी भाजलेलं बोट तिनं काचेवर ठेवलं. चादर केवढी मोठी, पांढरी, जवळजवळ सगळी रिकामी. आणि तिच्या एका कोपऱ्यात, साहेबांच्या बुटाजवळ, ऐंशी-पंच्याऐंशी पिल्लांचा एक ढीग. एकावर एक चढलेली.

‘‘समदे कॅमेऱ्याकडं बघून राहिलेत,’’ सोजरबाई म्हणाली. ‘‘तुमी बी.’’

तो फोटो मी रोज पाहिला होता.

‘‘गोळा झाली की गारठली,’’ ती म्हणाली. ‘‘तुमीच शिकिवलं होतं की, साहेब.’’ मग तिनं फोटो आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन मला चहा घ्यायला सांगितलं, गार होऊन राहिला म्हणून.